ऑर्गनचा श्वास

ऑर्गन म्हटला की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारावयाचा ऑर्गन आठवतो. युरोपातल्या चर्चचा ऑर्गन निराळा. तो शेकडो, कधी हजारो नळ्यांचा. काही नळ्या बोटाएवढ्या, तर काही ३२ फूट उंच. छेडलेल्या तारेचा सूर जन्मतःच विरू लागतो. येथे पट्टी दाबलेली आहे आणि वारा आहे तोवर सूर ढळत नाही. बाखच्या सी मायनर पासाकालियात आठ मापांची एक ओळ प्रथम पायांच्या पट्ट्यांवर एकटीच वाजते, आणि मग तिच्या आधारावर वीस रूपे चढत जातात. इतका भार पेलणारा खर्ज मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पण हा वारा येई कोठून? मी कामगारांतला माणूस; माझे लक्ष आधी तिकडेच जाणार. वीज येण्यापूर्वी माणसे भाते तुडवीत. जर्मनीतील हाल्बरश्टाटच्या जुन्या ऑर्गनला २० भाते व १० माणसे लागत, असे प्रेटोरियसने १६१९ च्या ग्रंथात नोंदविले आहे. बाख नवा ऑर्गन तपासताना आधी सर्व स्टॉप ओढून पूर्ण भरात वाजवी. वाद्याची फुप्फुसे दमदार आहेत की नाहीत, हे त्याला पाहावयाचे असे. वारा अपुरा पडला की सूर डळमळतो, आणि तो वादकाच्या बोटांना सावरता येत नाही.