डांबरगोळीच्या वासाचे कागद

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की वलगाव येतं. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला तो इथंच, पेढी नदीजवळ. मी आलो होतो बाबांसाठी. चहाच्या टपरीवर मात्र कानावर भलतंच पडलं. एक बाई दुसरीला विचारत होती, "मंगयवारचे जमले काय वं?" दुसरी म्हणाली, "अकराशे चायीस कुठून आनू माय?"

मंगळवार म्हणजे बायकांच्या कर्जगटाचा आठवड्याचा हप्ता, असं टपरीवाल्यानं समजावलं. रविवारी एक निवृत्त साहेब गावात बसतात, लोकांच्या कर्जाचे कागद लावून देतात, पैसे घेत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. फुकट म्हटल्यावर मला शंका आली. म्हणूनच पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

साहेबांची सगळी नोकरी बँकेच्या वसुलीत गेली. नाव छापू नका, म्हणाले. "ज्याइच्या दारात जीप घेऊन जात होतो, त्याइच्याच बाजूनं आता बसतो. कोनत्या कागदात दम हाय अन् कोनत्यात नाई, हे मले ठाव हाय." बोलण्यात पश्चात्ताप नव्हता. असलाच तर थोडा अभिमान होता.

खोलीत एक सतरंजी, एक वही आणि स्टीलच्या डब्याचं झाकण. टपरीवरचीच बाई आली आणि तिनं थैली सतरंजीवर उपडी केली. खोलीभर डांबरगोळीचा वास पसरला. कागद ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली राहिलेले. नवऱ्याला त्यातल्या निम्म्यांचा पत्ता नव्हता. त्या सकाळी तिच्यानंतर आणखी तिघी आल्या, आणि तिघींच्याही कागदांना तोच वास होता.

साहेब आधी काहीच बोलले नाहीत. नखानं एकेक टाचणी काढून झाकणात टाकत राहिले. टिक, टिक. तेवढ्यात बाईचा श्वास जरा शांत झाला. मग त्यांनी चार ढीग लावले : तारणाचं कर्ज, बिनतारणाचं, सावकाराचं आणि नात्यातलं. बाई चार कर्जं म्हणून आली होती, निघाली सात. गटाची दोन, सोन्यावरचं, नवऱ्याचं पीककर्ज, मोबाईलचा हप्ता, सावकाराचे चाळीस हजार आणि भावाकडून घेतलेले पैसे.

"घरात येते किती?" या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागला. तीन एकरांत कपाशी-सोयाबीन, नवऱ्याची मजुरी, तिचं शिलाईकाम. आकडा तिनं आयुष्यात कधी एकत्र मांडलाच नव्हता.

मग साहेबांनी अकराशे चाळीसला बावन्ननं गुणलं. ५९,२८०. बाई वहीकडे बघतच राहिली. "आठवड्याचं लहान दिसते, म्हनून तं आठवड्याचं असते," साहेब म्हणाले. एप्रिल २०२२पासून लागू असलेला रिझर्व्ह बँकेचा नियमही त्यांनी सांगितला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला गटासारखं बिनतारणाचं कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही. धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. बाईच्या दारात माणूस रात्री साडेआठला येऊन बसतो.

सावकाराला ती शेकडा पाचनं महिन्याला दोन हजार देते. दोन वर्षांत ४८,००० गेले, मुद्दल जिथल्या तिथं. आणि त्याच्याकडे तिचा कोरा चेक. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला नऊ टक्के आणि बिनतारणी कर्जावर बारा टक्के इतकाच दर ठरलेला आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. हे सगळं ऐकून बाई हळूच म्हणाली, "थो तं आमच्याच गल्लीतला हाय, साहेब." त्यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं. ते पुन्हा टाचण्या काढू लागले.

खरं काम त्यानंतर झालं. बाई आजवर दारात जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल त्याला आधी पैसे देत आली होती. म्हणून गटवाला पहिला, सावकार दुसरा. पीककर्जाचं कोणी विचारायला येत नाही, म्हणून ते थकलं. आणि स्वस्त होतं ते तेच! डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. साहेबांनी ओरडण्याचा क्रम मोडून नवा क्रम लिहिला. सोन्याचं व्याज आधी, नाहीतर दागिने लिलावात जातील. पीककर्जासाठी बँकेत अर्ज. गटाकडे हप्ता लहान करून मागायचा, लेखी. सावकारासाठी विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. १९८७च्या कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. भाऊ थांबेल.

"एकच मोठं कर्ज काढून समदे फेडले तं?" तिनं विचारलं. "गड्डा बुजवाले दुसरा गड्डा खंदनं हाय थे," साहेब म्हणाले. कर्जमाफी करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासूनही त्यांनी सावध केलं. अशा फसव्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनंही डिसेंबर २०२३मध्ये इशारा दिला होता.

परतताना पेढीच्या पुलावर थांबलो. बाबांच्या मामांची जमीन सावकारी कर्जातच गेली होती. पुढं कीर्तनांतून, कर्ज काढून लग्नं करू नका, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. तो उपदेश कर्ज काढण्याआधीचा. काढून बसलेल्या माणसाला उपदेश पुरत नाही, त्याला कागदाच्या टाचण्या काढणारा लागतो. मुंबईत बँक ऑफ इंडियानं २००६ साली 'अभय' नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र काढलं. वलगावात ते काम एका म्हाताऱ्याच्या रविवारावर चाललंय, आणि म्हातारा थकला की बंद पडेल. तालुक्या-तालुक्यात असं पगारी माणूस का नसावं? वसुलीला पगारी माणसं आहेतच की.

त्या सकाळी बाई निघताना साहेबांनी कागद दोऱ्यानं बांधून तिच्या हातात दिले होते. म्हणाले होते, "ट्रंकेत ठेवू नको. आज रात्री जेवन झालं का मालकाच्या पुढं ठेव." तुमच्या घरातही साड्यांखाली असे कागद असतील, तर पहिलं काम तेच. बँक, वकील, निबंधक, सगळे त्यानंतर.