परदेशांतील एक सहामाही व तेथील सुट्टीचे दिवस

आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढें कॉलेजांत शिकत असतां एखादी सहामाही युरोपांतील विद्यापीठांत काढूं शकतात, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. परंतु पालक आम्हांस एक प्रश्न नेहमीं विचारतात, "मुलगा शिकावयास गेला आहे कीं फिरावयास? दर शनिवारीं त्याचें छायाचित्र निराळ्याच शहरांतून येतें!" ही शंका रास्त आहे. घरचा पैसा घामाचा असतो, आणि पुष्कळदां कर्जाचाहि असतो. म्हणून या सहामाहीची घडण कशी असते व तींत सुट्टीच्या दिवसांचें स्थान काय, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'सेमिस्टर' हा शब्द मूळ लॅटिन असून 'सहा महिन्यांचा' असा त्याचा अर्थ आहे. युरोपांतील बहुतेक देशांत अभ्यासाचें माप 'श्रेयांकां'नीं करतात. पूर्ण वर्षाचे श्रेयांक ६० व सहामाहीचे ३०. एका श्रेयांकास २५ ते ३० तासांचें काम धरलेलें असतें, व त्यांत व्याख्यानें, ग्रंथवाचन, निबंध आणि परीक्षेची तयारी हें सर्व येतें. विद्यार्थ्यांनीं त्रैराशिक मांडून पाहावें. ३० श्रेयांकांस ७५० ते ९०० तास लागतात. ते वीस आठवड्यांवर वांटले, तर आठवड्यास ३७॥ ते ४५ तास पडतात. म्हणजे जो सोमवार ते शुक्रवार रोज आठ-नऊ तास नेमानें काम करील, त्याचे शनिवार व रविवार खरोखरच मोकळे राहतात. पण तेथें पुष्कळ व्याख्यानांस हजेरी घेत नाहींत, व न आल्याबद्दल कोणी रागावतहि नाहीं. ही मोकळीक ज्यास पेलत नाहीं, तो शनिवारची सहल परीक्षेच्या वेळांतून चोरतो.

आपल्या जिल्ह्यास परदेशांतील विद्यार्थिदशा नवी नाहीं. दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले आणि १८९९ सालीं गणितांत सीनियर रँग्लर झाले. त्यानंतर पॅरिस व गटिंगेन येथेंहि त्यांनीं कांहीं काळ अध्ययन केलें. त्यांचा हा प्रवास स्थळें पाहण्यासाठीं नव्हता. त्या काळच्या थोर गणितज्ञांचें सान्निध्य मिळावें म्हणून होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. ते १९१६ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांस परतावें लागलें. पुढें पगारांतील शिल्लक, शाहूमहाराजांचें साह्य व मित्राकडून घेतलेलें कर्ज एवढ्या बळावर ते १९२० सालीं पुनः लंडनला गेले. ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत सकाळीं शिरावें व दारें बंद होईपर्यंत उठूं नये, अर्धपोटीं राहावें, असा त्यांचा क्रम होता, हें त्यांचे चरित्रकार, रत्नागिरीचेच धनंजय कीर, यांनीं लिहून ठेविलें आहे. आजच्या विद्यार्थ्यानें सहलीचें तिकीट काढतांना ही गोष्ट आठवावी. सहल करूं नये असा आमचा अर्थ नाहीं. आपल्या हातीं आलेल्या रिकाम्या दिवसाची किंमत कळावी, एवढाच अर्थ आहे.

आतां प्रवास इतका सुलभ कशामुळें झाला, तें पाहूं. लक्झेंबर्ग देशांतील शेंगेन नांवाच्या लहानशा गांवीं १९८५ सालीं एक करार झाला. तो १९९५ सालीं अंमलांत आला, आणि आज २९ देश त्यांत आहेत. त्यांपैकीं एका देशांत राहण्याचा परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यास इतर देशांत कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जातां येतें. इंग्लंड व आयर्लंड मात्र या करारांत नाहींत. तेथें जाण्यास निराळा व्हिसा लागतो. अंतरेंहि थोडीं असतात. रत्नागिरीहून कोल्हापूर जितकें दूर, जवळजवळ तितक्याच अंतरावर जर्मनींतील आखेनहून बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गहून तर ट्राममध्यें बसून ऱ्हाईन नदी ओलांडली कीं जर्मनी लागते.

गरीब विद्यार्थ्यास रात्रीं स्वस्तांत उतरतां यावें, ही सोय एका शाळामास्तरानेंच काढिली. रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक १९०९ सालीं मुलांना घेऊन पायीं सहलीस निघाला असतां वादळांत सांपडला व एका गांवच्या शाळेंत सर्वांनीं रात्र काढली. तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, सुट्टींत ओस पडणाऱ्या शाळा अशा मुलांच्या उपयोगीं कां पडूं नयेत? या विचारांतून १९१२ सालीं आल्टेनाच्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवक-वसतिगृह उघडलें. आज जगभर तशीं वसतिगृहें आहेत.

रविवार पाळण्याचा धडाहि तेथें मिळतो. जर्मनींत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राज्यघटनेनेंच रक्षिला आहे. १९१९ च्या घटनेंतील तें कलम १९४९ च्या घटनेंत तसेंच राखिलें. त्या दिवशीं बहुतेक दुकानें बंद असतात. शनिवारीं पाव-भाजी आणून न ठेवणाऱ्यास उपवास घडतो! देवळें पाहण्यास जाणाऱ्यानें कोलोनचें महामंदिर अवश्य पाहावें. त्याचा पाया १२४८ सालीं घातला व काम १८८० सालीं पुरें झालें. ज्या गवंड्यांनीं पहिले दगड बसविले, त्यांस शिखर दिसणार नाहीं हें ठाऊक होतें. तरी त्यांनीं ते ओळंब्यांत बसविले.

मातांच्या माहितीसाठीं दोन शब्द. सामानांत तूप, दुधाचे पदार्थ व मांस नेण्यास युरोपांतील संघराष्ट्रांत मनाई आहे. आमचा हापूसहि प्रमाणपत्रावांचून नेतां येत नाहीं. नारळ मात्र चालतो, आणि सुकी मासळीहि ठराविक वजनापर्यंत चालते. पण स्वयंपाकघर सामाईक असतें, तेव्हां शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करावा.

शेवटीं एक गोष्ट, जी छायाचित्रांत दिसत नाहीं. डिसेंबरांत बर्लिनमध्यें दुपारीं चारच्या आंतच सूर्य मावळतो. आपल्या समुद्रकांठच्या उन्हांत वाढलेलें मूल त्या लांब अंधारांत एकटें खोलींत बसलें, तर त्याचें मन खचतें. मग अभ्यासहि होत नाहीं. अशा वेळीं चार सोबत्यांबरोबर केलेली शनिवारची सहल, किंवा रविवारीं उपासनेच्या निमित्तानें मिळालेली माणसांची संगत, ही चैन नव्हे, औषध आहे. म्हणून पालकांनीं "पुनः कोठें भटकलास?" असें विचारूं नये, "काय पाहिलेंस, कोण भेटलें, आणि आठवड्याचें काम झालें कां?" असें विचारावें. मुलांनींहि दर सोमवारीं घरीं एक पानभर पत्र लिहावें व त्यांत या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. तिसऱ्याचें उत्तर लिहितांना ज्याचा हात अडखळत नाहीं, त्यानें पुढच्या शनिवारचें तिकीट खुशाल काढावें.