वायसरला दात कशासाठी?

दिवाळीच्या सुमारास हिंगणीच्या शिवारात सोयाबीन निघालेले असते, कपाशीची वेचणी सुरू असते आणि हरभऱ्याला पाणी देण्याची घाई असते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले हे गाव बोर व्याघ्र प्रकल्पाच्या दाराशी वसलेले आहे. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेले बोर देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोजले जाते. पण लहान असले तरी त्यातला वाघ काही लहान नसतो. रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून अंधारात मोटार लावायला जाणे इथल्या शेतकऱ्याला जिवावरचे वाटते. दिवसा चालणारा सौरपंप अशा गावांत हवासा वाटतो, त्यामागे वीजबिलाइतकेच हेही कारण आहे.

केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 मध्ये आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 मध्ये. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के हिस्सा भरायचा की बांधावर पॅनेल उभे राहतात. मग पॅनेल किती वॅटचे, पंप तीनचा की पाचचा, कंट्रोलर कोणत्या कंपनीचा, यावर पारावर तासन्‌तास बोलणे होते. पॅनेलच्या चौकटीला अर्थिंगची तार ज्या बोल्टने जोडली आहे, त्याखाली कोणता वायसर घातला, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

सौर पॅनेलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते. ती गंजू नये, तिच्यावर डाग पडू नयेत म्हणून कारखान्यात अ‍ॅनोडायझिंग करून पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवतात. हा थर केसापेक्षाही पातळ असतो, पण कठीण असतो आणि वीज अजिबात वाहू देत नाही. म्हणजे आत उत्तम वाहक धातू आणि वरून त्याला निरोधक कातडे. साधा चपटा वायसर घालून बोल्ट कितीही आवळला, तरी तार त्या कातड्यालाच टेकून राहते. दिसायला अर्थिंग झालेले असते, प्रत्यक्षात झालेले नसते.

याची खात्री मल्टिमीटरने एका मिनिटात होते. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोके चौकटीवर अलगद टेकवली तर तो मुका राहतो. तीच टोके जोर लावून टोचली, ओरखडा काढला, की लगेच ‘बीप’ वाजते. दातेरी वायसरचे काम तो ओरखडा काढण्याचेच आहे.

बाजारात ‘स्टार वायसर’ म्हणून मिळणाऱ्या या चकतीच्या कडेला छोटे दात असतात आणि प्रत्येक दात किंचित पिळलेला असतो. नट आवळला की पिळलेले दात दाबले जातात. दाताची एक धार वरच्या धातूत रुतते, दुसरी खालच्या. ऑक्साइडचा थर, रंग, गंज भेदून ती धातूपर्यंत पोचते. शिवाय नट उलट फिरू पाहील तेव्हा रुतलेल्या धारा त्याला अडवतात. पिळलेल्या दातांचा असा वायसर अमेरिकेतल्या इलिनॉय टूल वर्क्स या कंपनीने 1923 मध्ये ‘शेकप्रूफ’ नावाने आणला. हादऱ्याने नट सुटू नयेत, हा त्यामागचा हेतू नावातच दिसतो. शंभर वर्षांनंतर त्याची खरी किंमत विजेच्या जोडणीत जास्त आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कारण हादऱ्यांबद्दलची समजूत दरम्यान बरीच बदलली. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की नट सैल होतो तो मुख्यतः जोडातले भाग आडवे सरकू लागल्यामुळे. आडवी घसर सुरू झाली की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपला आपण उलगडू लागतो. त्याला धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण, म्हणजे जोड घट्ट दाबून धरणारी शक्ती. आता पान्याने लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहा टक्केच हा ताण निर्माण करण्यात जातो; उरलेला नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडतो. आटे गंजलेले, मातीने भरलेले असतील तर दहा टक्केही पोचत नाहीत, आणि पाना मारणाऱ्याला मात्र नट कडक बसल्याचे समाधान मिळते.

गावोगावचा लाडका स्प्रिंग वायसर याच कसोटीला उतरत नाही. बोल्ट पुरता आवळला की तो सपाट होतो आणि साध्या चकतीसारखाच वागतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने 1990 मध्ये काढलेल्या फास्टनर-मार्गदर्शिकेत लॉकिंगसाठी तो निरुपयोगी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तरीही दुकानात नट-बोल्ट मागितले की स्प्रिंग वायसर न मागता पुडीत पडतो. दातेरी वायसरबद्दलही ती मार्गदर्शिका एक इशारा देते: तो पृष्ठभाग ओरबाडतो. शिवाय प्रत्येक वेळी जोड उघडला की नवा घालावा. एकदा चपटे झालेले दात दुसऱ्यांदा तसे चावत नाहीत. काढलेला वायसर खिशात टाकून पुन्हा वापरण्याची सवय इथे नडते.

निवड करताना पहिला प्रश्न दात कोणत्या बाजूला हवेत हा. बाहेरच्या कडेला दात असलेला वायसर मध्यापासून दूर पकड घेतो, म्हणून नट फिरण्याला त्याचा विरोध जास्त. पण बोल्टचे डोके सगळ्या दातांना झाकेल इतके मोठे हवे. दात बाहेर डोकावत राहिले तर ते कामही करत नाहीत आणि तारेला किंवा बोटाला लागतात. डोके लहान असेल तर आतल्या बाजूला दात असलेला घ्यावा. कंट्रोलरच्या पेटीतल्या, स्टार्टरमधल्या लहान स्क्रूंना तोच शोभतो. भोक मोठे असेल तर आत-बाहेर दोन्हीकडे दात असलेला प्रकार मिळतो, आणि डोके पत्र्यात बुडणारे असेल तर शंकूच्या आकाराचा.

दुसरा प्रश्न कठीणपणाचा. दात ज्यात रुतायचे, त्यापेक्षा ते कठीण हवेत. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असेल तर तो उच्च ताणाचा बोल्ट. त्यावर सामान्य दातेरी वायसरचे दात नुसते घसरतात किंवा मोडतात. त्यामुळे रोटाव्हेटरची पाती, थ्रेशरचा ड्रम, ट्रॅक्टरची चाके ही त्याची जागाच नाही. तिथे पुस्तिकेत दिलेला टॉर्क आणि गरजेप्रमाणे नायलॉक नट, खाचांच्या नटात कॉटर पिन किंवा आट्यांवर लावायचे लॉकिंग द्रव ही साधने खरी. नायलॉक नट सायलेन्सरजवळ मात्र लावू नये. त्यातले नायलॉनचे कडे उष्णतेने मऊ पडते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मांडणीची आहे. दातेरी वायसर आणि चौकट यांच्यामध्ये कोणीतरी चपटा वायसर घालतो, ‘जास्त मजबुती’ म्हणून. मग दात चावतात त्या चपट्या चकतीला, आणि चौकटीवरचा थर जसाच्या तसा राहतो. पॅनेलच्या चौकटीला अर्थिंगची खूण असलेले भोक दिलेले असते. त्या भोकात स्टेनलेस बोल्ट घालावा. तारेच्या टोकाचा लग आणि चौकट यांच्यामध्ये स्टेनलेसचा दातेरी वायसर थेट चौकटीला भिडवावा. चपटा वायसर हवाच असेल तर तो नटाच्या बाजूला, लगाच्या वर. उघडे तांबे अ‍ॅल्युमिनियमला टेकू देऊ नये. ओल आली की दोन धातूंच्या भांडणात अ‍ॅल्युमिनियम झिजते. कथिलाचा मुलामा दिलेला लग वापरतात तो यासाठी. साधा जस्तचढा वायसर दोन-चार पावसाळ्यांत तांबूस होतो आणि गंजाबरोबर जोडही बिघडतो.

ट्रॅक्टरमध्येही हाच वायसर विजेच्या जोडणीत भेटतो. बॅटरीची ऋण तार चॅसीला जोडतात तिथे खाली रंग असतो. हॉर्न दाबला की दिवे मंदावतात, सेल्फ कण्हत फिरतो, आणि मालक नवी बॅटरी आणायला निघतो. त्याआधी तो एक बोल्ट काढून, जागा घासून, नवा दातेरी वायसर घालून पाहण्याचा खर्च चहाच्या कपाइतकाही नाही.

जंगलाच्या कडेला आणखी एक यंत्र आहे, झटका मशीन. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून सौर बॅटरीवर चालणारे हे यंत्र तारेत क्षणभराचे उच्च दाबाचे ठोके सोडते; जनावर दचकते, मरत नाही. त्याऐवजी लाइनची वीज थेट कुंपणात सोडण्याचा बेकायदा प्रकार किती महागात पडतो ते या भागाने पाहिले आहे. ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर 2017 मध्ये अशाच कुंपणाला लागून मेली. अशा तारेवर माणसेही दगावतात.

झटका मशीनचा ठोका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थ रॉडवाटे यंत्रात परत यावा लागतो. रॉडवरचा बोल्ट गंजला किंवा ढिला झाला की वर्तुळ तुटते, डबा टिकटिक करत राहतो आणि डुकरे निवांत आत येतात. तिथे घासून काढलेल्या जागेवर दातेरी वायसर चांगले काम देतो. अर्थात वायसरच्या हातात सगळे नसते. एप्रिल-मेमध्ये इथली काळी जमीन भेगाळते, मातीची पकड रॉडपासून सुटते, आणि जोड निर्दोष असूनही झटका बसत नाही. त्या दिवसांत रॉडच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतावे लागते.