आधी वजन, मग उपचार?

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी पाळी थांबलेल्या, अंडाशय मोठे होऊन गाठींनी भरलेल्या सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली, दोघींना दिवस राहिले. साहजिकच दोष अंडाशयाच्या माथी गेला. 1980च्या सुमारास अशा स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं आढळलं आणि नजर वजनाकडे वळली. चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड ते आणखी सोडतं, त्याच्या रेट्याने अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं आणि स्त्रीबीज पिकून सुटणं अडतं. 1998 साली ॲडलेडहून आलेल्या निष्कर्षांनी यावर मोहोर उमटवली: लठ्ठ, मूल न होणाऱ्या 67 स्त्रियांचं वजन सरासरी दहा किलोंनी उतरलं आणि 60 जणींची स्त्रीबीजं आपोआप सुटू लागली. ‘आधी वजन कमी करा, मग बघू’ या सल्ल्याला इथून बळ मिळालं. पण त्या 67 जणी कार्यक्रम तडीला नेणाऱ्या होत्या. मधेच सोडणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याचं उत्तर 2016 मध्ये नेदरलँड्समधून आलं. मूल न होणाऱ्या 577 लठ्ठ स्त्रियांपैकी निम्म्यांना सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार, बाकीच्यांना लगेच उपचार; मधेच सोडणाऱ्याही हिशेबात धरल्या. पूर्ण दिवसांचं एकच निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण पहिल्या गटात 27 टक्के, दुसऱ्यात 35. वजन उतरवणाऱ्या गटात उपचारांविना दिवस राहिलेल्या अधिक होत्या, हेही खरं. म्हणजे वजनाचा परिणाम खोटा नाही, पण ते उतरेपर्यंत उपचार रोखून धरणं चुकीचं. कुणी म्हणेल, लठ्ठपणात गरोदरपणी मधुमेह, रक्तदाब यांचा धोका वाढतो, मग थांबलेलं बरं. धोका वाढतोच; म्हणून तपासण्या लवकर आणि वारंवार हव्यात. पण अडतिशीतल्या बाईला थांबवलं, तर त्या महिन्यांत घटणारी स्त्रीबीजं परत येत नाहीत.

शिवाय काटा आपल्याकडे पुरता बोलतही नाही. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात 21 टक्के, सहकाऱ्याच्या 9. पाळी दोन-दोन महिने लांबणाऱ्या सडपातळ बाईला ‘वजन ठीक आहे’ म्हणून साखर न तपासताच परत पाठवलं जातं, तेव्हा तिच्या पोटावरची चरबी कुणी मोजलेली नसते.