पाठीमागून येणारी हाक

3 फेब्रुवारी 2022. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचा उपांत्य सामना. चीनविरुद्ध जपान दोनदा पुढे गेला आणि चीननं दोन्ही वेळा बरोबरी साधली. दुसऱ्यांदा तर 119व्या मिनिटाला. पेनल्टी शूटआउटमध्ये चीन 4-3 असा जिंकला आणि तीन दिवसांनी नवी मुंबईत चषकही घेऊन गेला. जपानची कर्णधार होती साकी कुमागाई. युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, म्हणजे चॅम्पियन्स लीग, पाच वेळा जिंकलेली ही बचावपटू आपल्या अंगणात खेळून गेली, पण आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. त्यात नवल नाही. बचावपटूचं असंच असतं.

गोल करणारीचं नाव धावफलकावर लागतं. गोल होऊ न देणारीच्या नावापुढे काही लिहायची सोयच नसते. प्रतिस्पर्धी आघाडीपटू जिथे पोहोचणार, तिथे ही दोन पावलं आधी जाऊन उभी असते. पास दिलाच जात नाही, हल्ला विझतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. तिचं नाव घेतलं जातं ते दोनच वेळा: चूक झाली तर, किंवा पेनल्टी मारायची वेळ आली तर. कुमागाईच्या वाट्याला दोन्ही आलं.

तिचा जन्म 1990चा, उत्तर जपानमधल्या साप्पोरो या बर्फाच्या शहरातला. शाळेसाठी ती सेंदाईला गेली. तिथली तोकिवागी गाकुएन ही शाळा मुलींच्या फुटबॉलसाठी नावाजलेली. पुढे उरावा रेड्सकडून खेळताना त्सुकुबा विद्यापीठात शिक्षणही चालू होतं. मार्च 2011मध्ये भूकंप आणि त्सुनामीनं सेंदाईचा सगळा किनारा उद्ध्वस्त केला. चारच महिन्यांनी जर्मनीतल्या विश्वचषकात उतरलेल्या जपानच्या मुली सामना संपला की जगाचे आभार मानणारा फलक घेऊन मैदानाला फेरी मारत.

17 जुलैला फ्रँकफर्टमध्ये अमेरिकेविरुद्ध अंतिम सामना झाला. जपान दोनदा मागे पडला आणि दोनदा सावरला. 117व्या मिनिटाला होमारे सावानं 2-2 केलं. मग अगदी शेवटच्या क्षणांत बचावफळीतली कुमागाईची जोडीदार अझुसा इवाशिमिझु लाल कार्ड मिळून बाहेर गेली. शूटआउटमध्ये गोलरक्षक आयुमी काइहोरीनं दोन फटके अडवले, अमेरिकेच्या कार्ली लॉइडचा फटका गोलखांबांवरून गेला. जपानच्या चौथ्या फटक्यासाठी वीस वर्षांची कुमागाई पुढे आली. समोर अमेरिकेची गोलरक्षक होप सोलो. चेंडू वरच्या कोपऱ्यात विसावला. सीनियर फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा जपान हा आशियातला पहिला देश ठरला.

त्याच उन्हाळ्यात ती त्याच शहरातल्या 1. एफएफसी फ्रँकफर्ट या क्लबात दाखल झाली. जपानमध्ये तेव्हा बायकांची पूर्ण व्यावसायिक लीग नव्हती. बऱ्याच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करत. जर्मन लीग त्या काळी जगातल्या सर्वांत तगड्या लीगपैकी एक होती. युकी नागासातो आणि कोझुए आंदो या जपानी खेळाडू तिच्याआधीच तिथे पोहोचल्या होत्या. पण त्या दोघी आघाडीच्या, आणि परदेशी जाणाऱ्या बचावपटूची अडचण वेगळी.

आघाडीपटूचं मोडक्यातोडक्या भाषेत भागतं, तिचे पायच बोलतात. बचावाचं निम्मं काम तोंडानं चालतं. ऑफसाइडचा सापळा लावायचा तर चौघींनी एकाच क्षणी पुढे सरकायला हवं. एक जरी मागे राहिली तरी समोरची मोकळी सुटते. जर्मनीत त्यासाठी 'राउस!' अशी आरोळी देतात, म्हणजे 'बाहेर निघा'. सहकारिणीच्या मागून कुणी चालून आलं, तर इंग्लंडमध्ये बायकांच्या सामन्यातही 'मॅन ऑन!' असंच ओरडतात. हे शब्द वर्गात बसून पाठ करता येतात. ते अर्ध्या सेकंदात तोंडातून निघायला आणि ऐकणारीनं मागे वळून न पाहता त्यावर विसंबायला मात्र कित्येक सामने जावे लागतात. क्लब बदलला की हा विश्वास पहिल्यापासून कमवायचा.

2013मध्ये ती फ्रान्सच्या ऑलिंपिक ल्योंकडे गेली आणि आठ वर्षं राहिली. मधल्या बचावात तिथे वेंडी रेनार नावाची भिंत उभी होती. त्यामुळे कुमागाई पुष्कळदा एक पाऊल पुढे, बचावात्मक मध्यरक्षक म्हणून खेळली: चेंडू हिसकावायचा, सोपा पास द्यायचा, पुन्हा जागेवर यायचं. 2016 ते 2020 अशी सलग पाच वर्षं ल्योंनं चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यातला पहिला चषक जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गविरुद्ध शूटआउटमध्ये आला, तो तिच्याच निर्णायक पेनल्टीवर. शेवटच्या चषकाच्या वेळी कोविडमुळे गॅलऱ्या रिकाम्या होत्या आणि समोर पुन्हा वोल्फ्सबुर्ग. त्या अंतिम सामन्यात तिनं डीच्या बाहेरून गोलही केला.

दुसरी बाजूही तेवढीच ठळक आहे. 2015च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेनं पहिल्या 16 मिनिटांत चार गोल चढवले. त्यांतले तीन लॉइडचे, एक तर थेट मध्यरेषेवरून. जपान 5-2 असा हरला. 2017मध्ये कुमागाई राष्ट्रीय संघाची कर्णधार झाली. 2019च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध 1-1 असताना, सामना संपत आला होता तेव्हा व्हिव्हियाने मिडेमाचा फटका तिच्या हाताला लागला. पेनल्टी, गोल, आणि जपान बाहेर. त्याच वर्षाच्या अखेरीस ती आशियातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. एका हँडबॉलवरून वर्षभराचा हिशेब मांडायचा नसतो, हे निवड करणाऱ्यांना कळत होतं.

2021मध्ये ती बायर्न म्युनिककडे आली, तिथे जर्मन लीग जिंकली. मग रोमाकडून खेळताना 2024मध्ये इटलीची लीग आणि चषक. जानेवारी 2025मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिनं लंडन सिटी लायनेसेस हा संघ निवडला. हा संघ तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. काही महिन्यांतच तो बढती मिळवून सुपर लीगमध्ये पोहोचला.

दरम्यान जपानमध्ये 2021पासून व्यावसायिक लीग सुरू झाली आहे. तरी युरोपची वाट काही बंद झाली नाही, उलट रहदारी वाढली. युई हासेगावा मँचेस्टर सिटीत गेली. 2023च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारी हिनाता मियाझावा मँचेस्टर युनायटेडमध्ये. कुमागाई 2011 साली निघाली तेव्हा ही पायवाट होती.

तिचा सामना कधी पाहायला मिळाला, तर थोडा वेळ चेंडूवरून नजर काढून तिच्याकडे पाहावं. ती हातानं कुणाला तरी पुढे ढकलत असते, मान वळवून मागे बघत असते आणि सतत काहीतरी ओरडत असते. चार देशांमध्ये त्या ओरडण्याचे शब्द बदलत गेले. अर्थ मात्र एकच: तू पुढे जा, मागचं मी बघते.