जैवतंत्रज्ञानाच्या कारखान्यातील माणूस



दहावीनंतर मी औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विज्ञानावर मी अधिकाराने बोलणार नाही. पण आईबाप मला विचारतात, "मुलगी बायोटेक शिकते आहे, मोठ्या कंपनीत लागली तर तिचे भवितव्य काय?" त्याचे उत्तर युनियनच्या अनुभवातून देतो.

या धंद्याचे मूळ पीठ म्हणजे अमेरिकेतील साउथ सॅन फ्रान्सिस्कोची जेनेनटेक कंपनी. भांडवलाच्या व्यवहारातला रॉबर्ट स्वॉन्सन आणि प्राध्यापक हर्बर्ट बॉयर यांनी ती १९७६ साली काढली. १९७८ साली जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्यात तिच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. १९८२ साली ते औषध म्हणून मान्य झाले. विद्यापीठातले हुशार लोक इकडे का आले? आपले शोधनिबंध छापण्याची मोकळीक त्यांना मिळाली. सुरुवातीच्या काळात नोकरांनाही कंपनीचे भाग मिळाले. शुक्रवारी संध्याकाळी सारे एकत्र जमत, खात-पीत. २००६ साली 'फॉर्च्युन' नियतकालिकाने नोकरीसाठी उत्तम अशा कंपन्यांत तिला पहिला क्रमांक दिला.

हे सारे खरे. पण पुढचेही खरे आहे. २००९ साली स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने उरलेले भाग सुमारे ४,६८० कोटी डॉलरना घेतले. २०१० साली रोशने जगभरातील ४,८०० जागा कमी करण्याचे जाहीर केले. २०२४ साली व्हॅकाव्हिलचा कारखाना लोन्झा या कंपनीला विकला गेला. तिथल्या सुमारे ७५० जणांना नव्या मालकाने नोकरी देऊ केली. काम तेच, यंत्र तेच, मालक निराळा! शुक्रवारच्या मेजवानीवर आयुष्याचा हिशेब मांडता येत नाही.

मग संस्कृती ओळखायची कशावरून? त्यासाठी काम समजून घेतले पाहिजे. पोलादी टाकीत जिवंत पेशी वाढवतात. त्यांना ठराविक ऊब, प्राणवायू आणि अन्न लागते. एक परका जंतू आत शिरला की कित्येक दिवसांची मेहनत फेकावी लागते. पेशींना रविवार नसतो, म्हणून रात्रपाळी आली. आणि जे लिहिले नाही ते झालेच नाही, असा या धंद्याचा दंडक आहे. म्हणजे रुग्णाचा जीव पहाटे तीन वाजता नोंदवहीत खरे लिहिणाऱ्या माणसावर अवलंबून असतो.

काही वर्षांपूर्वी एक कंत्राटी मुलगा रात्री आमच्या कचेरीत आला. टाकीचे तापमान चुकले होते आणि त्याने ते लिहिले नव्हते. आठ दिवसांनी त्याचा करार संपत होता. रात्रभर आम्ही बोललो. सकाळी त्याने जाऊन सांगितले. बॅच फेकली गेली, ते औषध कोणाच्या अंगात गेले नाही. पण त्याचा करार वाढला नाही. आम्ही भांडलो आणि हरलो. त्याला बोलायला मीच सांगितले होते, हे मी विसरलेलो नाही.

बढतीचेही तसेच. संशोधनाची शिडी बहुधा डॉक्टरेटवाल्यांची. बी.एस्सी. झालेला उत्पादनात किंवा तपासणीत लागतो. नियमांचा अभ्यास केला तर गुणवत्ता विभागात वर जातो. मात्र कंत्राटदाराच्या पटावर असेल तर पुष्कळदा पहिल्या पायरीवरच राहतो.

म्हणून मुलीला तीन प्रश्न विचारायला शिकवा. माझे नाव कोणाच्या पटावर राहील? माझ्यासारखे शिकलेले लोक पाच वर्षांत कुठे पोचले? आणि ज्याने शेवटची चूक स्वतः होऊन सांगितली, तो आज कुठे काम करतो? तिसऱ्या प्रश्नाला साहेब अडखळले, तर पगाराचा आकडा पुन्हा एकदा नीट पाहून घ्यावा.