लोकलच्या डब्याखालची विद्या

गेल्या दिवाळीत डोंबिवलीस भाच्याकडे गेलो होतो. फराळ आटोपल्यावर त्याची दहावीत शिकणारी कन्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला रेल्वेगाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करायचे आहे. पप्पा म्हणाले, मामांना विचार." भाचा समोरच बसला होता; तो काहीच बोलला नाही. मला मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली.

त्या वेळी हाच भाचा दहावी उत्तीर्ण झाला होता. घरातील बिघडलेले रेडिओ उघडून नीट करणारा हा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला जाऊ इच्छित होता. कल्याणात कापडाची घाऊक पेढी. मेहुण्यांनी मला विचारले, कारण घरात शिकलेला आणि बँकेत अधिकारी असलेला मीच. मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "व्यापाऱ्याच्या मुलाने पाना-पक्कड कशाला हाती घ्यावी? बी.कॉम. करावे आणि गादीवर बसावे." भाच्याने ऐकले. पेढी त्याने सचोटीने चालविली. परंतु तो सल्ला मी विषयाची काहीही माहिती न घेता दिला होता. कर्जाचा अर्ज आम्ही कधी इतक्या घाईने निकालात काढला नाही. म्हणून या वेळी आधी माहिती घेतली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याच दारातली रेल्वे

भारतातील पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. या रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणारे नाना शंकरशेट हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे आणि व्यापारी घराण्यातले होते, हे आपण विसरू नये. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. आज कळव्यास लोकलची कारशेड आहे, कल्याणास विद्युत इंजिनांची शेड आहे. रोज सकाळी ज्या गाडीने आपण मस्जिद बंदर वा भायखळा गाठतो, तिची देखभाल आपल्या घरापासून दोन-चार स्थानकांच्या अंतरावर होत असते.

डब्याखाली काय चालते?

पूर्वीच्या लोकल 1500 व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत. वेग आवरण्यासाठी वीज मोठ्या रोधकांतून नेली जाई आणि तिचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जाई. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबईपर्यंतचे 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवरील स्थित्यंतर 2015 साली पूर्ण झाले. नव्या लोकलमध्ये छतावरील पेंटोग्राफ ही वीज घेतो, ट्रान्स्फॉर्मर तिचा दाब उतरवितो, कन्व्हर्टर तिची एकदिश वीज करतो आणि इन्व्हर्टर पुन्हा तिच्यापासून मोटारीला हवी तशी त्रिकला वीज घडवितो. ठाणे सोडताना गाडीखालून चढत्या सुरांचा जो आवाज येतो, तो या इन्व्हर्टरच्या कामाचा आवाज आहे.

व्यापाऱ्याला पटेल असा भाग पुढेच आहे. ब्रेक लावताना हीच मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत पाठविते. वापरलेल्या विजेपैकी सुमारे तिसरा हिस्सा अशा रीतीने परत मिळू शकतो. घेतलेल्या मालापैकी तिसरा हिस्सा परत जमा होणारा धंदा आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय?

याखेरीज गाडीचा संगणक, सिग्नल यंत्रणा, रुळावरून किती चाके गेली हे मोजणारे ॲक्सल काउंटर आणि 'कवच' ही सर्व इलेक्ट्रॉनिक्सचीच कामे. मोटरमनने लाल सिग्नल ओलांडण्याचा धोका निर्माण झाला, तर 'कवच' आपण होऊन ब्रेक लावते. 2020 साली ही देशी बनावटीची प्रणाली राष्ट्रीय संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारली गेली.

जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले. त्या दिवशी आपल्यापैकी कित्येक घरांतून "पोहोचलास का?" असे फोन गेले असतील. त्यानंतर बिगर-वातानुकूलित लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. प्रत्येक दरवाजा बंद झाल्याचा संकेत आल्याविना गाडी हलू नये, ही व्यवस्था कोणा इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यानेच करावयाची असते. या विद्येवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, हे तिचे खरे मोल.

प्रवेशाच्या तीन वाटा

पहिली वाट आय.टी.आय.ची. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अथवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम, मग रेल्वेच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी आणि तंत्रज्ञाच्या जागेसाठी रेल्वे भरती मंडळाची परीक्षा. अंबरनाथची आय.टी.आय. आपल्या भागात परिचित आहे.

दुसरी वाट तीन वर्षांच्या पदविकेची. तीनंतर कनिष्ठ अभियंता पदासाठी भरती मंडळाची परीक्षा देता येते. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे तंत्रनिकेतन आहे, इतरही आहेत.

तिसरी वाट पदवीची. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा देऊन अधिकारी होता येते. तिच्यासाठी वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 21 ते 30 वर्षे. अधिकाऱ्यांना विद्युत विभागाचे प्रशिक्षण नाशिकरोडच्या संस्थेत आणि सिग्नल-दूरसंचाराचे सिकंदराबादच्या संस्थेत मिळते. शिवाय खासगी क्षेत्र आहेच. सीमेन्सचा कारखाना कळव्यातच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोसारख्या प्रकल्पांमुळे या विद्येची गरज पुढेही राहील.

एक व्यावहारिक सूचना. रेल्वेच्या अनेक पदांसाठी दृष्टीची कसून तपासणी होते आणि रंगांधळेपणा आढळल्यास कित्येक पदे बंद होतात. अभ्यासक्रम निवडण्यापूर्वीच मुलांचे डोळे तपासून घ्यावेत. चार वर्षांनंतर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

पालकांच्या मनातील शंका

आपल्या घरांतील पहिली शंका रात्रपाळीची. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या मुलाने वा मुलीने शेडमधील पाळी कशी सांभाळावी? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. देखभालीच्या कामात पाळ्या असतात, हे आधीच समजून घ्यावे. आराखडा, चाचणी, खरेदी आणि प्रशिक्षण या शाखांत बहुधा दिवसाचे काम असते. ज्या घरात जो नियम पाळला जातो, त्याच्याशी कामाचा मेळ बसतो की नाही, हे मुलांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे.

दुसरी शंका अशी की, मग पेढीचे काय? येथे माझा बँकेतील अनुभव सांगतो. रेल्वेला लागणारे जोडतारांचे संच, नियंत्रण फलक, सर्किट बोर्ड, कनेक्टर यांसारख्या वस्तू लहान कारखानेही बनवितात. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एम.आय.डी.सी. येथे असा कारखाना उभारणे आपल्या कुटुंबांना अशक्य नाही. कमतरता भांडवलापेक्षा तांत्रिक ज्ञानाची असते. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी करण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे आणि पात्र उद्योगांना निविदेच्या बयाणा रकमेतून सूट मिळते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महत्त्वाच्या सुट्या भागांसाठी मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत नाव यावे लागते आणि चाचण्यांत पुष्कळ काळ जातो. तसेच देयकाची रक्कम हाती येईपर्यंत खेळते भांडवल अडकून राहते. चांगला माल असूनही केवळ या दोन कारणांनी अडचणीत आलेले उद्योग मी पाहिले आहेत. कापडाच्या उधारीचा हिशेब येथे लागू पडत नाही. ज्या घरात एक जण तंत्र जाणतो आणि दुसरा हिशेब, तेच घर येथे टिकते.

हे सर्व मी कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास भाच्याच्या घरी जाऊन सांगितले. मुलगी वहीत टिपून घेत होती. शेवटी मी भाच्याला म्हटले, "तुझ्या वेळी मी चुकलो." तो म्हणाला, "मामा, माझे वाईट झाले नाही. पण त्या वेळी एकदा तंत्रनिकेतन पाहून यायला हवे होते." पेढी बंद असते त्या दिवशी बापलेक मिळून ठाण्यास तंत्रनिकेतन पाहण्यास जाणार आहेत. मलाही बोलावले आहे.

निर्णय तिचा तिने घ्यावा. वाचकांना माझी विनंती एवढीच की, आपल्या घरात असा प्रश्न आला, तर उत्तर देण्यापूर्वी चार दिवस घ्यावेत. नकार द्यायचा झाला तरी तो माहितीअंती द्यावा.